श्रीलंकेची ७ दिवसांची 'प्रायव्हेट' वाइल्डलाइफ टूर : काय दिसतं, काय सुटतं आणि जंगलात 'प्रायव्हेट' असं काही असतं का?

इन्स्टाग्रामवर श्रीलंकेची एक रील हमखास समोर येते. पहिल्या सेकंदाला हत्तींचा कळप, दुसऱ्या सेकंदाला चहाच्या मळ्यातून जाणारी निळी रेल्वे, तिसऱ्या सेकंदाला खडकावर झोपलेला बिबट्या आणि शेवटी समुद्रात ब्लू व्हेलची शेपटी. खाली कॅप्शन : '७ दिवस, प्रायव्हेट टूर, डीएम फॉर डिटेल्स.'

गंमत म्हणजे हे खोटं नाही. श्रीलंकेचं क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक पंचमांश. एवढ्याशा बेटावर जमिनीवरचा सगळ्यात मोठा आशियाई प्राणी आणि पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा प्राणी एका आठवड्यात बघता येतो. मुंबईहून कोलंबोचं विमान अडीच तासांच्या आसपास घेतं. २०२४ मध्ये श्रीलंकेत २० लाखांहून जास्त परदेशी पर्यटक आले, त्यातले ४ लाखांहून जास्त भारतीय होते. कोणत्याही देशापेक्षा जास्त.

पण रीलमध्ये जे दिसत नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. हे सगळं एकाच महिन्यात दिसत नाही. 'प्रायव्हेट' हा शब्द जंगलाच्या गेटवर संपतो. आणि ज्या प्राण्यांसाठी आपण जातो, त्यांची अवस्था गेल्या काही वर्षांत बदलली आहे. सविस्तर बघूया.

'प्रायव्हेट टूर' म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे टूर म्हटलं की ४० जणांची बस, टूर मॅनेजर आणि रात्री गुलाबजाम हे चित्र डोळ्यासमोर येतं. श्रीलंकेत प्रायव्हेट टूर म्हणजे फक्त तुमच्या ग्रुपसाठी एक गाडी आणि एक माणूस. हा माणूस ड्रायव्हरही असतो आणि गाइडही. तिथे त्याला 'शोफर गाइड' म्हणतात आणि त्यासाठी श्रीलंका टुरिझम डेव्हलपमेंट अथॉरिटीचं लायसन्स लागतं. विमानतळावर तो पाटी घेऊन उभा असतो आणि सातव्या दिवशी परत तिथेच सोडतो. पर्यटकांच्या बऱ्याच हॉटेलांमध्ये ड्रायव्हरच्या राहण्या-जेवण्याची वेगळी सोय असते, त्यामुळे तो रोज रात्री कुठे झोपेल ही चिंता सहसा आपल्यावर येत नाही. बुक करताना मात्र त्याचा खर्च पॅकेजमध्ये धरलाय का, हे विचारून घ्यावं. छोट्या होमस्टेमध्ये ही सोय नसते.

आता मुख्य मुद्दा. ही गाडी जंगलात जात नाही. सफारीसाठी त्या-त्या गावातली उघडी जीप वेगळी घ्यावी लागते आणि तिचा चालक स्थानिक असतो. नॅशनल पार्कचं बिल तर अनेकांना चक्रावून टाकतं. माणशी तिकीट, वर गाडीचं शुल्क, वर संपूर्ण ग्रुपसाठी एक सर्व्हिस चार्ज आणि या सगळ्यावर कर. सर्व्हिस चार्ज ग्रुपला एकच असल्याने दोघांच्या जोडप्याला सफारी माणशी महाग पडते आणि सहा जणांना स्वस्त. जाहिरातीत 'जीप सफारी समाविष्ट' लिहिलेलं असतं तेव्हा त्यात फक्त जीप आहे की तिकीटही आहे, हा पहिला प्रश्न.

भारतीयांसाठी एक चांगली गोष्ट : सिगिरिया, पोलोन्नारुवासारख्या स्थळांवर सार्क देशांच्या नागरिकांना इतर परदेशी पर्यटकांपेक्षा कमी दर आहे. त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो. तो हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवून निघालात तर सवलत विसरा.

महिना कोणता, यावर सगळं ठरतं

श्रीलंकेला एक नाही, दोन पावसाळे आहेत. साधारण मे ते सप्टेंबर नैऋत्य मान्सून. हा आपलाच मान्सून, तो बेटाच्या दक्षिण-पश्चिम भागाला आणि डोंगराला झोडपतो. मग वर्षाच्या शेवटी ईशान्य मान्सून, जो उत्तर आणि पूर्व भागाला पाऊस देतो. तिथल्या भातशेतीचे हंगामही यावरूनच ठरतात, एक 'याला' आणि दुसरा 'महा'.

याचा अर्थ पर्यटकासाठी असा. दक्षिण किनाऱ्यावर मिरिस्सा इथे ब्लू व्हेल बघायचा काळ साधारण नोव्हेंबर-डिसेंबर ते एप्रिल. मिन्नेरिया तलावावर हत्तींची प्रसिद्ध जत्रा भरते ती साधारण जुलै ते ऑक्टोबर. म्हणजे रीलमधले पहिला आणि शेवटचा शॉट एकाच ट्रिपमधले असण्याची शक्यता कमी. ऑगस्टमध्ये जाऊन मिरिस्साला व्हेल मागितली तर खवळलेला समुद्र मिळेल. त्या काळात व्हेलसाठी पूर्व किनाऱ्यावरचं त्रिंकोमाली गाठावं लागतं, आणि ते दक्षिणेच्या पार दुसऱ्या टोकाला आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्या मराठी कुटुंबांची पंचाईत होते ती इथेच. दक्षिणेचा व्हेल हंगाम संपलेला, उत्तरेचा हत्ती मेळावा सुरू व्हायचा असतो. तरी हत्ती दिसतातच. उडावलावे पार्कमध्ये ते वर्षभर असतात. आणि जून-जुलैच्या आसपास याला पार्कमध्ये 'पालू' नावाच्या झाडाची फळं पिकतात, ती खायला अस्वलं झाडावर चढतात. पालू म्हणजे आपली रायण किंवा खिरणी. पश्चिम घाट आणि श्रीलंका मिळून जगातला एकच 'बायोडायव्हर्सिटी हॉटस्पॉट' मानला जातो, त्यामुळे अशी ओळखीची झाडं पावलोपावली भेटतात.

सात दिवस साधारण असे जातात

बहुतेक पॅकेजचा नकाशा एकच असतो. विमानतळ कोलंबोत नाही, शहराच्या उत्तरेला नेगोंबोजवळ कटुनायके इथे आहे. त्यामुळे शहाणे लोक कोलंबो टाळून थेट सिगिरिया-हबरानाकडे निघतात. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, वेळ साडेतीन ते चार तास. श्रीलंकेत अंतर किलोमीटरमध्ये नाही, तासांत मोजायचं. दक्षिणेचा एक्स्प्रेसवे सोडला तर रस्ते अरुंद आहेत आणि डोंगरात तर ताशी ३० चा वेगही पुष्कळ वाटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिगिरिया. पाचव्या शतकात राजा कश्यपाने सुमारे २०० मीटर उंच खडकावर बांधलेला राजवाडा. वर चढायला हजाराहून जास्त पायऱ्या. सकाळी सातला सुरुवात केली तर सुसह्य, अकराला केली तर तव्यावर चालल्यासारखं. कड्यावर मधमाश्यांची मोठी पोळी आहेत, त्यामुळे शांत राहा अशा पाट्या लावलेल्या दिसतील. त्या शोभेसाठी नाहीत. दुपारी तिथूनच मिन्नेरिया किंवा कावडुल्लाची जीप.

तिसऱ्या दिवशी दांबुल्लाच्या गुहा बघत कँडी, किंवा वाट वाकडी करून पोलोन्नारुवा. माझं मत विचाराल तर पोलोन्नारुवा सोडू नका. बाराव्या शतकातल्या पराक्रमबाहूच्या राजधानीचे अवशेष, गल विहारच्या दगडी बुद्धमूर्ती आणि त्या अवशेषांत राहणारी टोपीसारख्या केसांची टोक मकाक माकडं. ही माकडं फक्त श्रीलंकेतच सापडतात. १९६८ पासून इथे त्यांचा अभ्यास चालू आहे आणि डिस्नेनेचरचा 'मंकी किंगडम' हा २०१५ चा चित्रपट याच माकडांवर आहे. एका तिकिटात इतिहास आणि वाइल्डलाइफ दोन्ही, तेही जीपशिवाय.

चौथा दिवस कँडीहून एल्लाच्या रेल्वेचा. दारात लटकून फोटो काढण्यासाठी ही गाडी जगात प्रसिद्ध झाली आहे. आरक्षित डब्याची तिकिटं लवकर संपतात, शिवाय पावसात दरड कोसळून मार्ग बंद पडतो, तेव्हा निघण्याआधी गाडी चालू आहे का याची खात्री करायची. गंमत अशी की तुमचा ड्रायव्हर रिकामी गाडी घेऊन रस्त्याने पुढे जातो आणि स्टेशनवर तुमची वाट बघतो. पाचव्या दिवशी डोंगर उतरून उडावलावे किंवा याला, सहाव्या दिवशी पहाटे सफारी आणि संध्याकाळी किनारा, सातव्या दिवशी व्हेलची बोट, गॉलचा किल्ला आणि एक्स्प्रेसवेने विमानतळ.

कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात यात चार पहाटेचे अलार्म आहेत आणि रोज बॅग भरायची आहे. प्राणी हाच उद्देश असेल तर कँडी-नुवारा एलिया भाग सरळ कापावा आणि एका पार्कजवळ सलग दोन रात्री राहावं. एक सफारी म्हणजे लॉटरी, तीन सफाऱ्या म्हणजे संधी.

मिन्नेरियाचे हत्ती कुठे गेले?

मिन्नेरिया हा नैसर्गिक तलाव नाही. तिसऱ्या शतकात राजा महासेनाने तो शेतीसाठी बांधला. सिंहलीत अशा तलावाला 'वेवा' म्हणतात. कोरड्या महिन्यांत शेतीला पाणी सोडलं की तलाव आटतो, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत उगवतं आणि आजूबाजूच्या जंगलातले हत्ती ते खायला येतात. एका वेळी २०० ते ३०० हत्ती. माद्या, पिल्लं, मस्तीत आलेले नर, सगळे एका मैदानात. याला 'द गॅदरिंग' म्हणतात. जंगली आशियाई हत्तींचा इतका मोठा मेळावा दुसरीकडे बघायला मिळणं अवघड. म्हणजे माणसाने केलेली पाण्याची व्यवस्था आणि हत्तींची भूक यांचं दीड हजार वर्षांहून जुनं वेळापत्रक होतं हे.

ते आता बिघडलं आहे. २०१८ मध्ये मोरागहाकंद हे मोठं धरण सुरू झालं. त्याचं पाणी या जुन्या तलावांकडे वळवलं जातं. शेतकऱ्यांसाठी ही चांगली बातमी, कारण तलाव भरलेला राहतो. हत्तींसाठी वाईट, कारण ऐन कोरड्या हंगामात गवत उगवायची जागाच पाण्याखाली असते. त्यामुळे अलीकडच्या काही वर्षांत मेळाव्यातली संख्या घटल्याची तक्रार संशोधक आणि जीपवाले दोघेही करतात. पाण्याची पातळी ठराविक काळ खाली ठेवावी, अशी वन्यजीव अभ्यासकांची मागणी आहे.

तलावात गवत नाही म्हणून हत्ती उपाशी बसत नाहीत, ते शेतात जातात. २०११ च्या गणनेत श्रीलंकेत ५,८७९ हत्ती होते. एकट्या २०२३ मध्ये ४५० हून जास्त हत्ती मेले आणि मानव-हत्ती संघर्षात १५० हून जास्त माणसं गेली. गोळ्या, विजेच्या तारा आणि 'हक्का पटास'. हे शेवटचं सगळ्यात भीषण. फळात किंवा भाजीत स्फोटकं लपवून ठेवतात, हत्तीने चावलं की जबडा फुटतो आणि तो अनेक दिवस उपासमारीने मरतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये हबरानाजवळ रात्रीच्या रेल्वेने हत्तींच्या कळपाला धडक दिली, त्यात किमान सहा हत्ती दगावले. हबराना म्हणजे तेच गाव, जिथे बहुतेक पर्यटक हत्ती बघायला मुक्काम करतात.

म्हणून तिथल्या जीपवाल्याने 'आज मिन्नेरिया नको, कावडुल्लाला जाऊ' किंवा 'हुरुलू इको पार्कला जाऊ' म्हटलं तर तो फसवतोय असं समजू नका. पाणी आणि गवत बघून हत्ती या तिन्ही जागांमध्ये फिरतात आणि आज ते कुठे आहेत हे त्याला तुमच्या पॅकेजपेक्षा जास्त चांगलं माहीत असतं.

बिबट्या : याला की विल्पत्तू?

श्रीलंकेच्या झेंड्यावर सिंह आहे, पण बेटावर सिंह नाही आणि वाघही नाही. त्यामुळे इथला राजा बिबट्या. ही वेगळी उपजात आहे आणि तिच्या शास्त्रीय नावातला 'कोटिया' हा शब्द सिंहली आहे. ताडोब्यात बिबट्याला वाघाची धास्ती असते. इथे तो दिवसाढवळ्या खडकावर पसरलेला दिसतो, कारण त्याला हाकलणारं कुणी नाही.

आता याला पार्क. (मराठीत हे नाव वाचताना घोळ होतो, म्हणून प्रत्येक वेळी 'पार्क' जोडतोय.) पार्क सुमारे ९७९ चौरस किलोमीटरचा आहे, पण गर्दी होते ती मुख्यतः त्याच्या ब्लॉक एकमध्ये, जो १४१ चौरस किलोमीटर आहे. जगातल्या सर्वाधिक बिबट्या-घनतेच्या जागांमध्ये त्याचं नाव घेतात. आणि जीप-घनतेच्याही. सुट्टीच्या दिवशी पहाटे गेटवर शेकडो जीप रांगेत असतात. एकाला बिबट्या दिसला की फोनाफोनी होते आणि धुरळा उडवत सगळे तिथे. तुमची टूर प्रायव्हेट असेल, पण त्या अरुंद मातीच्या रस्त्यावर तुमच्या पुढे तीस आणि मागे तीस जीप असू शकतात. बिबट्याला कुणाचं पॅकेज काय ते कळत नाही.

हे आपल्याला अनोळखी नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात 'एफ-२' वाघीण आणि तिच्या बछड्यांना पर्यटकांच्या जिप्सींनी घेरल्याचा व्हिडिओ व्हायरल झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. प्रश्न दोन्हीकडे तोच आहे. चालकाची टिप जनावर दाखवण्यावर अवलंबून असेल तर तो अंतर पाळणार कशाला? त्यामुळे सफारी सुरू होण्याआधीच 'पळवू नका, बिबट्या नाही दिसला तरी टिप मिळेल' असं सांगणाऱ्या पर्यटकाची जीप वेगळी चालते. हा एवढा एक अधिकार प्रायव्हेट टूरमध्ये खरंच तुमच्या हातात असतो.

पर्याय आहे विल्पत्तू. क्षेत्रफळ १,३१७ चौरस किलोमीटर, देशातला सगळ्यात मोठा नॅशनल पार्क. यादवी युद्धाच्या काळात बराच काळ बंद होता, २०१० मध्ये पुन्हा उघडला. 'विल्लू' नावाची नैसर्गिक तळी आणि दाट झाडी. बिबट्या दिसायला जास्त वेळ लागतो, पण दिसला तर बहुधा तुमच्या एकट्याच्या जीपला. तो वायव्येला असल्याने दक्षिणेच्या ठरलेल्या नकाशात बसत नाही, म्हणून एजंट सुचवत नाहीत. सिगिरियाच्या आधी दोन रात्री तिथे घालवल्या तर नीट बसतो.

आणखी एक : याला पार्कचा ब्लॉक एक सहसा सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत काही आठवडे बंद असतो, कारण तेव्हा पाणवठे आटलेले असतात. तारखा दरवर्षी बदलतात. हे न सांगता बुकिंग घेणारे एजंट असतात.

ब्लू व्हेल आणि जहाजांचा हायवे

मिरिस्साची बोट सकाळी साडेसहाच्या सुमारास सुटते. उलटीची गोळी आदल्या रात्री विसरू नका, एवढंच वैयक्तिक सांगणं.

इथे ब्लू व्हेल किनाऱ्याजवळ का येतात? कारण डोंड्रा टोकापाशी समुद्रतळाचा उथळ भाग फार अरुंद आहे आणि थोडं पुढे गेलं की एकदम खोल. ब्लू व्हेल सहसा ध्रुवीय थंड पाण्याकडे खाण्यासाठी प्रवास करतात, पण इथल्या काही व्हेल वर्षभर उष्ण पाण्यातच राहतात, हे जगासमोर आणण्यात श्रीलंकेच्या सागरी जीवशास्त्रज्ञ आशा डी व्होस यांचं काम मोठं आहे.

अडचण अशी की जगातल्या सगळ्यात वर्दळीच्या जहाजमार्गांपैकी एक नेमका याच पाण्यातून जातो. मालवाहू जहाजांच्या धडकेने व्हेल मरतात. मार्ग सुमारे १५ सागरी मैल दक्षिणेला सरकवला तर धोका पुष्कळ कमी होईल, असं संशोधक अनेक वर्षं सांगत आहेत. २०२२ मध्ये एमएससी या बड्या जहाज कंपनीने स्वतःहून आपली जहाजं दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. अधिकृत मार्ग बदलण्याची मागणी मात्र जुनीच आहे.

पर्यटकांच्या बोटींसाठी व्हेलपासून १०० मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे. तो पाळला जातो का, हे पाच बोटी एका व्हेलमागे धावताना बघितल्यावर समजतं. बोट निवडताना 'व्हेल दाखवण्याची गॅरंटी' देणाऱ्यापेक्षा अंतराबद्दल स्वतःहून बोलणारा बरा.

हत्तीला हात लावायला मिळेल का?

मिळेल, आणि तिथेच जाऊ नका. हबरानाजवळ हत्तीवरून सवारी विकली जाते. पिन्नावला इथलं हत्ती अनाथालय १९७५ पासून आहे आणि अनेक पॅकेजमध्ये असतं, पण साखळदंड आणि पर्यटकांसमोरच्या आंघोळीच्या कार्यक्रमावर प्राणीप्रेमी संघटना सातत्याने टीका करतात.

त्याऐवजी उडावलावेचं एलिफंट ट्रान्झिट होम बघा. १९९५ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात आई गमावलेली पिल्लं येतात. ठराविक वेळांना त्यांना दूध पाजतात, आपण लांबून, गॅलरीत बसून बघायचं. हात लावता येत नाही, सेल्फी निघत नाही. पिल्लू साधारण पाच वर्षांचं झालं की परत जंगलात सोडतात. माणसाची सवय लागू नये म्हणूनच हे अंतर. त्याच पार्कच्या कुंपणाबाहेर रस्त्यावर मात्र हत्ती सोंड पुढे करून फळं मागत उभे असतात, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तशी सवय लावली आहे. गाडीतून केळी देऊ नका. असा रस्त्याला सोकावलेला हत्ती पुढे गाड्या अडवतो आणि मग त्याचं काय होतं ते वर वाचलंच आहे.

बुक करण्याआधी

पॅकेजमध्ये मसाल्यांची बाग, रत्नांचं दुकान, बाटिकचा कारखाना असे थांबे असतील तर ते कशासाठी आहेत हे समजून घ्या. अशा ठिकाणी खरेदीवर ड्रायव्हरला कमिशन मिळतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या कमाईचा तो भाग आहे. पण 'आम्हाला दुकानं नकोत, तो वेळ जंगलात घालवू' हे पहिल्याच दिवशी हसत सांगितलं की प्रश्न मिटतो, आणि शेवटी टिप देताना ते लक्षात ठेवायचं.

प्रवासासाठी ईटीए म्हणजे ऑनलाइन परवानगी लागते. तिचे शुल्काचे नियम अलीकडे अनेकदा बदललेत, त्यामुळे सरकारी साइटच बघा. सारख्या दिसणाऱ्या खासगी साइट जास्त पैसे घेतात. १२ फेब्रुवारी २०२४ पासून श्रीलंकेत यूपीआय चालतं, तरी प्रत्येक जीपवाल्याकडे क्यूआर कोड असेल असं धरून चालू नका. दर पौर्णिमेला 'पोया' ची सुट्टी असते, त्या दिवशी दारूविक्री बंद. याला पार्कला जाण्यासाठी पोया आणि त्याला जोडून आलेला वीकेंड टाळलेला चांगला, कारण त्या दिवशी श्रीलंकेतले लोकही सुट्टीवर असतात. मंदिरात बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं अपमान समजला जातो.

आणि एजंटला एकच प्रश्न लेखी विचारा : आम्ही जातोय त्या आठवड्यात कोणता पार्क बंद आहे आणि कोणत्या किनाऱ्यावर समुद्र शांत आहे? याचं उत्तर देण्याऐवजी त्याने रील पाठवली, तर दुसरा एजंट बघा.